शिरोडे, आरवली, कोंडुरा : निसर्गसान्निध्य आणि तरुण लेखकाची दृष्टी

मराठी लेखकांच्या चरित्रांत आणि त्यांच्या वाङ्मयावरील प्रबंधांत एक वाक्य इतक्या वेळा येते, की ते आता फारसे कोणी लक्षपूर्वक वाचीत नाही. लेखकाचे बालपण किंवा तारुण्य कोकणात गेले असेल, तर तेथील रम्य निसर्गाचा त्याच्या मनावर खोल संस्कार झाला असे लिहून चरित्रकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. हा संस्कार म्हणजे नेमके काय, तो मनाच्या कोणत्या थरावर होतो, आणि मुख्य म्हणजे लेखनात तो कोठे दाखविता येतो, हे प्रश्न उपस्थितच होत नाहीत. निसर्गाच्या निकट राहिल्याने तरुणाची दृष्टी पालटते हा सिद्धान्त असत्य आहे, असे नाही. परंतु ज्या सैल स्वरूपात तो मांडला जातो, त्या स्वरूपात तो सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. ज्या विधानाचे खंडन संभवतच नाही, त्याचा वाङ्मयाच्या अभ्यासास उपयोग तो काय?

हा सिद्धान्त काही कसोटीवर घासून पाहावयाचा असेल, तर त्यासाठी वेंगुर्ले तालुक्याइतके सोयीचे क्षेत्र मराठीत दुसरे क्वचितच सापडेल. या लहानशा तालुक्यातील शिरोडे येथे वि. स. खांडेकर १९२० साली शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. शिरोड्याला लागून असलेल्या आरवलीत जयवंत दळवी वाढले. चिंतामण त्र्यंबक खानोलकर म्हणजे कवी आरती प्रभू यांचा जन्म १९३० साली याच तालुक्यातील बागलांची राई येथे झाला, आणि त्यापूर्वी एकच वर्ष, १९२९ साली, खुद्द वेंगुर्ल्यात मंगेश पाडगावकर जन्मले. किनारा एक, पाऊस एक, माती एक. असे असता या लेखकांच्या दृष्टी परस्परांपासून इतक्या भिन्न का, याचे उत्तर 'रम्य निसर्ग' या दोन शब्दांत मिळणार नाही, हे उघड आहे.

प्रथम त्या निसर्गाविषयीच थोडे स्पष्ट बोलावयास हवे. पर्यटकाला वेंगुर्ल्याचा समुद्र, माडांच्या रांगा आणि दूरवर पाण्यात दिसणारे खडक दिसतात. तेथे राहणाऱ्याला मात्र 'निसर्ग' असा एक पदार्थ दिसतच नाही. त्याच्या बोलण्यात हा शब्द येत नाही. पाऊस, दर्या, खाडी, रान, कातळ, कुणगा असे वेगवेगळे शब्द येतात, आणि त्यांतील प्रत्येकाला एकेक काम जोडलेले असते. जांभ्या दगडाचा सडा पावसाळ्यात हिरवा होतो आणि उन्हाळ्यात पायाला चटके देतो. जूनपासून दर्या मासेमारीला बंद होतो, तो नारळी पौर्णिमेपर्यंत. उन्हाळा आला की खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन मीठ पिकवावयाचे. पहिला पाऊस पडला की ते काम संपले. सुरंगीच्या कळ्या उमलण्यापूर्वी पहाटे झाडावर चढून काढाव्या लागतात, तेव्हा त्यांचे वळेसर बाजारात जातात. रापण ओढावयाची तर किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना माणसांच्या ओळी लागतात. एकट्याने ती ओढता येत नाही. हा निसर्ग पाहण्याचा नसून वागविण्याचा आहे. 'सान्निध्य' या शब्दाचा अर्थ येथे शेजार एवढाच नाही. त्यात अवलंबन आहे, आणि अवलंबनात भीतीही आहे. पुढील विवेचनात हा भेद सतत लक्षात ठेवावा लागेल.

खांडेकरांपासून आरंभ करणे इष्ट, कारण या निसर्गात ते बाहेरून आले. जन्म सांगलीचा, १८९८ चा. कृष्णाकाठच्या गावात बालपण गेले. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात सुरू झाले, पण पूर्ण झाले नाही. १९१६ साली ते सावंतवाडीकडील चुलत्यांना दत्तक गेले, गणेश आत्माराम होते ते विष्णु सखाराम झाले, आणि या दत्तकविधानामुळे कोकणाशी त्यांचा संबंध जडला. शिरोड्याच्या ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये ते रुजू झाले तेव्हा वय बावीस वर्षांचे होते. या वयाच्या तरुणाजवळ काय होते? कोल्हटकरांच्या कोटिबाज विनोदाची आणि गडकऱ्यांच्या कल्पनाविलासाची दीक्षा होती. 'कुमार' या नावाने लिहिलेल्या कविता होत्या. पुण्याच्या वाङ्मयीन वातावरणाची ओढ होती. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, जग पुस्तकांतून पाहण्याची सवय होती. शिरोडे त्या वेळी ब्रिटिश मुलखाच्या, रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला होते. शेजारी सावंतवाडीचे संस्थान, पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. साहित्याच्या नकाशावर ते गाव नव्हतेच.

पुढच्या अठरा वर्षांत काय घडले, हे खांडेकरांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे आणि शिरोड्याचे ऋण मोकळ्या मनाने मानले आहे. परंतु लेखकाच्या कृतज्ञतेवरून त्याच्या लेखनाचा निर्णय करू नये, हा नियम येथेही पाळावयास हवा. लेखनाकडे पाहिले तर दोन गोष्टी निर्विवाद दिसतात. पहिली अशी, की कोल्हटकर-गडकरी संप्रदायातील हा तरुण 'हृदयाची हाक' (१९३०), 'कांचनमृग' (१९३१), 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' (दोन्ही १९३४) या कादंबऱ्यांतून दारिद्र्य, ध्येयवाद, खेड्यातील शिक्षकाचे जिणे, श्रीमंत आणि दरिद्री यांच्यातील अंतर या विषयांकडे वळला. दुसरी अशी, की हे वळण शिरोड्यातच घडले. कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध आला तो १९३६ च्या 'छाया'पासून, म्हणजे वळण पक्के झाल्यानंतर.

फडके आणि खांडेकर यांच्या वादाची हकीकत सांगताना 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' अशी दोन पक्षांची मांडणी आपल्या पाठ्यपुस्तकांतून केली जाते. खांडेकरांच्या जीवनवादाचे मूळ मग गांधीविचारात, समाजवादी वाचनात, टॉलस्टॉयमध्ये शोधले जाते. हे सारे त्यांनी वाचले होते, यात शंका नाही. परंतु तेच ग्रंथ पुण्या-मुंबईतील इतरही वाचीत होते. शिरोड्याचा वाचक दुपारी पुस्तक मिटून बाहेर पडला की त्याच्यासमोर मिठागर होते. समुद्र हे दृश्य आहे, पण मीठ हा कर आहे. एकाच पाण्याची ही दोन रूपे ज्या गावात एका दृष्टिक्षेपात येतात, त्या गावात सौंदर्य आणि अन्याय यांना दोन कप्प्यांत ठेवणे तरुणाला कठीण जाते. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह याच मिठागरांवर झाला. बाहेरगावांहून सत्याग्रही आले, लाठ्या चालल्या, माणसे तुरुंगात गेली. खांडेकरांच्या पहिल्या कादंबरीचे वर्षही तेच. या योगायोगावरून कार्यकारणभाव ठोकून देऊ नये. परंतु ज्या निसर्गाच्या सान्निध्याची गोष्ट आपण करतो तो त्या वर्षी शिरोड्यात केवढा राजकीय पदार्थ झाला होता, हे विसरून त्याला 'रम्य' म्हणणे हा अभ्यासाचा आळस होय.

येथपर्यंत प्रचलित मताला पुष्टीच मिळाली, असे कोणी म्हणेल. खांडेकर निसर्गाजवळ राहिले, त्यांची दृष्टी पालटली. खरी अडचण यापुढे आहे. दृष्टी पालटली, वाणी पालटली काय?

आपल्या काव्यशास्त्रात विभावांचे आलंबन आणि उद्दीपन असे दोन प्रकार मानले आहेत. नायक-नायिका ही आलंबने. चंद्र, उपवन, वसंत ही उद्दीपने. भाव माणसाच्या ठायी असतो, निसर्ग त्याला फुंकर घालतो. संस्कृत काव्याने निसर्गाला बहुधा दिलेले हे दुय्यम स्थान मराठीत बालकवींनी हलविले, असे म्हणता येईल. खांडेकरांकडे मात्र ते पुन्हा पूर्ववत होते. त्यांच्या गद्यातील समुद्र, संध्याकाळ, पाऊस, फूल, तारका यांची वाक्यातील जागा पाहावी. ही सारी बहुधा उपमानाच्या जागी येतात. उपमेय असते मानवी मन, प्रेम, त्याग, निराशा. समुद्राविषयी काही सांगावयाचे म्हणून वाक्य लिहिलेले नसते. मनाविषयी सांगताना समुद्र मदतीला बोलाविलेला असतो. ग्रंथांची नावेच घ्या. 'उल्का', 'दोन ध्रुव', 'हिरवा चाफा', 'क्रौंचवध', 'अमृतवेल'. कथासंग्रहांत 'दवबिंदू', 'पाकळ्या', 'पहिली लाट'. लघुनिबंधांत 'वायुलहरी', 'झिमझिम'. निसर्गातील पदार्थांनी ही नाममालिका भरलेली आहे. पण यांतील बहुतेक नावे दुसऱ्याच कशाची तरी निदर्शक आहेत. उल्का ही आकाशातील वस्तू नव्हे, ती एक मुलगी आहे. ध्रुव म्हणजे समाजातील दोन टोके. 'हस्ताचा पाऊस' या नावात शेतकऱ्याच्या पंचांगातील एक शब्द तरी आला आहे, आणि तो कानाला वेगळा लागतो तो त्याचमुळे. शिरोड्याच्या अठरा वर्षांनी खांडेकरांना निसर्गातील असंख्य प्रतिमा दिल्या. पण शिरोड्याची बोली, तेथील झाडांची आणि माशांची नावे, कातळावरील उन्हाचा तो विशिष्ट चटका त्यांच्या शैलीत अभावानेच उतरला. ज्या शैलीने ते आले होते, त्याच शैलीने ते गेले. गडकऱ्यांचा कल्पनाविलास त्यांनी नव्या आशयाच्या सेवेला लावला, एवढेच.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुबळा नाही. उपमा ही देखील पाहण्याचीच एक रीत आहे. ज्याने लाट वारंवार पाहिली नाही त्याला लाटेची उपमा सुचणार नाही. तेव्हा उपमानांची विपुलता हाच सान्निध्याचा पुरावा होय. हे मान्य करूनही प्रश्न उरतो. लाट, कळी, चांदणे ही उपमाने सांगलीतही सुचली असती, पुण्यातही सुचली असती. संस्कृत आणि इंग्रजी काव्याच्या वाचनाने ती सुशिक्षित तरुणाला अगोदरच सिद्ध असतात. एखादे उपमान त्या स्थळानेच दिले असे म्हणावयाचे तर ते त्या स्थळावाचून सुचणे अशक्य असावयास हवे. या कसोटीवर खांडेकरांची फार थोडी उपमाने टिकतात. मात्र एक वाङ्मयप्रकार असा आहे, की जेथे त्यांची ही वृत्ती दोष न राहता गुण ठरते. तो म्हणजे रूपककथा. 'कलिका' (१९४३) आणि नंतरच्या संग्रहांतील रूपककथांत नदी, वृक्ष, दगड, तारा बोलू लागतात. तेथे उपमान-उपमेयांचा भेदच मिटलेला असतो आणि वाचकाने तो मिटविण्यास संमती दिलेली असते. रूपककथेचा मराठीतील हा एवढा उत्साही पुरस्कर्ता समुद्रकाठच्या गावात घडला, याचे कारण कदाचित येथे शोधता येईल. दिवसभर शिकविणाऱ्या, बोध करणे हा ज्याचा धर्मच आहे अशा शिक्षकाला निसर्ग भेटला तोही दृष्टान्ताच्या रूपाने. शाळेची सावली त्यांच्या निसर्गावर पडलेली आहे.

तुलनेसाठी क्षणभर दूर जाऊ. अमेरिकेतील थोरो १८४५ साली वॉल्डनच्या तळ्याकाठी राहावयास गेला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि तेथे दोन वर्षे व सुमारे दोन महिने राहिला. खांडेकरांच्या अठरा वर्षांपुढे हा काळ किती थोडा! परंतु थोरो निसर्गाजवळ राहण्यासाठीच गेला होता आणि आपले राहणे हाच त्याच्या ग्रंथाचा विषय झाला. तळ्याची खोली त्याने प्रत्यक्ष मोजली, घराचा खर्च मांडून दाखविला. खांडेकर नोकरीसाठी आले होते आणि त्यांचा विषय होता माणूस. दुर्गा भागवत यांनी 'वॉल्डन' मराठीत आणले हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्यापूर्वीच १९५६ साली त्यांच्या 'ऋतुचक्रा'ने मराठी गद्यात निसर्ग आलंबनाच्या स्थानी बसविला होता. त्या पुस्तकातील झाड कोणाच्याही मनाचे प्रतीक होण्यासाठी उभे नसते. ते त्या महिन्यात कसे दिसते, हे पाहण्यासाठी लेखिका त्याच्याजवळ थांबलेली असते. आणि हे पुष्कळसे निरीक्षण कोणत्या रानात नव्हे, मुंबईसारख्या शहरात राहून केलेले आहे. सान्निध्याची वर्षे मोजून दृष्टीची खोली ठरत नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

आता खानोलकरांकडे वळू. खांडेकरांना जे शिकावे लागले ते खानोलकरांना जन्मतःच अंगावर आले. बागलांची राई, नंतर कुडाळ, तेथील खाणावळीचा धंदा, आर्थिक ओढाताण. १९५४ साली 'सत्यकथे'त कविता आली आणि आरती प्रभू हे नाव मराठीला कळले. १९५९ साली 'जोगवा' प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी कवी मुंबईस गेला. येथे निसर्ग प्रथमपासूनच शिक्षक नाही. तो सांत्वन करीत नाही, उदात्तही करीत नाही. कवितेत तो काळोख, पाणी, दिवेलागणीची वेळ अशा रूपांनी येतो, आणि कादंबरीत तर त्याला इच्छा असते.

'कोंडुरा' (१९६६) ही कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचावी. कोंडुरा हे कल्पित नाव नव्हे. वेंगुर्ल्याच्या उत्तरेस वायंगणीनजीक किनाऱ्यावर या नावाचे ठिकाण आहे. खडकांत लाटा शिरतात आणि त्यांचा घोष दूरवर ऐकू येतो. ज्याने तो ऐकला असेल त्याला तो निव्वळ पाण्याचा आवाज आहे, हे बुद्धीला पटवावे लागते. खानोलकरांच्या नायकाला ते पटत नाही. त्या घोषातून त्याच्या आयुष्यात एक शक्ती शिरते, त्याला सामर्थ्य देते, निर्बंध घालते, आणि ते सामर्थ्य त्याच्या संसाराचे रक्षण करण्याऐवजी त्याला विनाशाकडे नेते. ती शक्ती खरी की नायकाच्या मनाचा भ्रम, हा प्रश्न कादंबरी सोडवीत नाही, आणि तो न सोडविण्यातच तिचे बळ आहे. येथे समुद्र कशाचे उपमान आहे? कशाचेच नाही. मनाला समुद्राची उपमा दिलेली नाही; समुद्राने मनाचा ताबा घेतला आहे. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली या कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा कथा कोकणातून उचलून आंध्रात नेली. चित्रपट म्हणून त्याची योग्यता वेगळी. परंतु आमच्या मते कथेचा अर्धा प्राण त्या स्थलांतरात गेला. ज्या कथेत स्थळ हेच पात्र आहे, तिचे स्थळ बदलणे म्हणजे पात्रच बदलणे होय. 'उल्के'चे स्थळ बदलून पाहा; तिचे फारसे बिघडणार नाही. दोन लेखकांतील अंतर मोजण्यास हा प्रयोग पुरेसा आहे.

निसर्गसान्निध्याने दृष्टी पालटते असे म्हणताना आपल्या मनात नेहमी वर्ड्स्वर्थची परंपरा असते: निसर्ग मन शांत करतो, विशाल करतो, माणसाला माणसाच्या जवळ आणतो. रूसोच्या 'एमिल'पासून (१७६२) युरोपातील शिक्षणविचार आणि आपल्याकडे शांतिनिकेतनाची कल्पना या श्रद्धेवर उभी आहे. खानोलकरांचा अनुभव या श्रद्धेत बसत नाही. सान्निध्याने त्यांची दृष्टी विशाल झाली, असे म्हणण्यापेक्षा ती अधिक एकाग्र आणि अधिक भयभीत झाली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. आणि तरीही तो लाभच आहे. कारण या भीतीमुळेच त्यांच्या लेखनात माणूस सृष्टीचा केंद्रबिंदू राहत नाही. खांडेकरांच्या जगात सृष्टी माणसाच्या दुःखाची साक्षीदार आहे. खानोलकरांच्या जगात तिला त्या दुःखाचे सोयरसुतक नाही.

दळवींची गोष्ट आणखी निराळी. 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) हे पुस्तक आरवलीच्या आठवणींतून आलेले आहे, हे सांगावयास नको. त्यात निसर्गवर्णन असे वेगळे काढून दाखविण्याजोगे फारच थोडे सापडेल. या अभावाकडे बोट दाखवून दळवींना निसर्गाची ओढ नव्हती, असे म्हणणारे चुकतात. गावात राहणाऱ्याच्या बोलण्यात पाऊस हा वर्णनाचा विषय नसतो. पाऊस पडला म्हणून काय खोळंबले, हा विषय असतो. दळवींनी निसर्ग वाक्यातून काढून टाकला आणि माणसांच्या विक्षिप्तपणात, आळसात, बोलण्याच्या संथ लयीत, मृत्यूकडे पाहण्याच्या सहजतेत मुरविला. माणसे येतात, हसवितात, जातात. ऋतू जसे येतात-जातात तशी. शीर्षकातील प्रवाशांची कल्पना जुनी, संतकाव्याच्या वळणाची आहे. पण तिला जी उदास हास्याची छटा आली आहे ती वेतोबाच्या पायी भल्यामोठ्या चपला अर्पण करून तो रात्री गावाची राखण करावयास फिरतो, असे मानणाऱ्या आरवलीची आहे. अद्भुत आणि नित्य यांच्यामध्ये तेथे भिंत नाही. त्याच लेखकाने आदल्याच वर्षी, १९६३ साली, मुंबईच्या झोपडपट्टीवर 'चक्र' लिहिली होती. ती दृष्टी शहराने दिली असे आपण सहज म्हणतो. पण माणसाची घाण आणि माणसाची माया एकाच वेळी, नाक न मुरडता पाहण्याचे शिक्षण त्या लेखकाने कोठे घेतले असावे, याचा विचार करताना आरवलीला वगळता येणार नाही.

पाडगावकरांचा येथे केवळ उल्लेख करून थांबावे लागते. 'धारानृत्य' (१९५०) आणि त्यानंतरच्या संग्रहांतील पाऊस कोकणाचा, असे म्हणण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु त्यांची काव्यदृष्टी मुख्यतः मुंबईत आणि रविकिरणोत्तर भावकवितेच्या, विशेषतः बोरकरांच्या, सहवासात घडली. जन्मस्थळ आणि दृष्टिस्थळ एकच असते असे नाही.

आणखी एक गोष्ट या ठिकाणी नोंदविणे अवश्य आहे. खांडेकरांनी शिरोड्यात बसून लिहिले. दळवी आणि खानोलकर यांनी वेंगुर्ल्याचा परिसर लिहिला तो मुंबईत बसून, गाव सुटल्यानंतर. पहिल्याच्या डोळ्यांसमोर जो समुद्र प्रत्यक्ष होता, तो त्याच्या लेखनात अलंकार झाला; दुसऱ्या दोघांना जो नजरेआड होता, तो त्यांच्या लेखनात वस्तू झाला. यातील विरोधाभास वरवरचा आहे. तरुणपणी बाहेरून आलेला मनुष्य निसर्गाकडे पाहतो, म्हणून तो त्याला दिसतो, आणि दिसणाऱ्या गोष्टीचे तो आपल्या पूर्वीच्या भाषेत भाषांतर करतो. बालपणीच त्यात असलेला मनुष्य त्याच्याकडे पाहत नाही. तो त्यातून इतरांकडे पाहतो. गाव सुटले की मग हे पाहण्याचे साधनच त्याच्या हातून निसटते, आणि ते परत मिळविण्याच्या धडपडीत त्याला भाषा सापडते. खांडेकरांना १९३८ नंतर कोल्हापुरात असे काही घडले नाही. शिरोड्याने जे द्यावयाचे ते विचाराच्या रूपाने देऊन टाकले होते, आणि विचार स्थळांतराने हरवत नाही. 'ययाति'त (१९५९) अरण्य आहे, आश्रम आहे, पण ती महाभारताची आणि मनाची अरण्ये आहेत.

म्हणून तरुणाच्या दृष्टीत निसर्गाने घडविलेल्या पालटाचा शोध घ्यावयाचा तर त्यासाठी लेखकाच्या चरित्रापेक्षा एखाद्या कलाकृतीतील तरुणच अधिक उपयोगी पडेल, आणि तसा एक या प्रदेशाच्या वाङ्मयात आहे. खानोलकरांच्या 'चानी'तील (१९७०) दिनू. चानी म्हणजे त्या भागाच्या बोलीत खार. गोऱ्या बापापासून गावातल्या बाईच्या पोटी जन्मलेली, गावाने वाळीत टाकलेली, रानात झाडांवर वावरणारी ही मुलगी या नावाने ओळखली जाते. हेही एक उपमान आहे, असे कोणी म्हणेल. आहेच, पण ते लेखकाने दिलेले नाही. ते गावाने दिले आहे, आणि देताना त्यात कौतुकापेक्षा हेटाळणी अधिक आहे. दिनूला मात्र त्या नावातील खार खरोखर दिसते. ज्या मुलीकडे पाहू नये असे घर सांगते तिच्याकडे तो पाहतो, तिच्यामागून रानात जातो, आणि झाडे, पाणी, सावल्या यांची त्याला जी ओळख होते ती तिच्याच वाटेने होते. निसर्ग त्याला गावाविरुद्ध काही शिकवीत नाही. तो बोलतच नाही. परंतु रानातून परतलेल्या दिनूला घरातील मोठ्या माणसांचे शब्द पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत. पाप, जात, अब्रू हे शब्द उच्चारले जातात तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक चेहरा असतो. खांडेकरांनी हाच क्षण लिहिला असता तर दिनूला बंडाचे एक सुंदर वाक्य दिले असते. खानोलकरांनी त्याला काहीच दिलेले नाही. तो लहान आहे, गाव मोठे आहे, आणि जे त्याने पाहिले ते सांगण्याची भाषा त्याच्या घरात कोणी बोलत नाही.